कौशल्येनं पाळणा कुठं बांधला?

या मायबाप, सतरंजीवर थोडे जवळ सरका. रामजन्माच्या कीर्तनाला अजून वेळ आहे, तवर एका निंबाची गोष्ट सांगतो. हसू आलं तर मोकळं हसा, देवाला हसरी माणसं आवडतात.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या राममंदिरासमोर हा निंब उभा आहे. दोघांच्या कवेत मावत नाही. त्याच्या सावलीत पार्वताबाई हार गुंफते. सावली गेली तर तिची फुलंही गेली अन् बसायची जागाही. निंबामागे वामनरावांचं कापडाचं नवं दुकान. त्याची काच रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी झाड तोडायचा अर्ज केला. बुंध्यावर महापालिकेची नोटीस लागली, हरकत असल्यास सात दिवसांत कळवा. झाडाचं वय लिहिलेलं, पस्तीस वर्षं.

"पस्तीस?" पार्वताबाई भडकली. "एवढी तं माही सून हाये!"

ती तडक वृक्ष विभागाच्या मंजुषा मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "मावशी, पन्नास वर्षांवरचं झाड नियमानं पुरातन ठरतं, मग सहजासहजी तोडता येत नाही. पण वयाचा काही पुरावा द्या."

"आता निंबाचा जन्मदाखला कुठून आणू वो मॅडम?"

मुदतीचा एकच दिवस उरला, अन् रामनवमी आली. जन्माचं कीर्तन भर दुपारी, निंबाखालीच. तेल्हाऱ्याच्या सुभद्राताई कीर्तनाला उभ्या. यजमान वामनराव पहिल्या रांगेत लोडाला टेकलेले, गळ्यात हार, केस कालच काळे केलेले. बायकांत मंजुषा मॅडमही होत्या. सुटी होती, पण पार्वताबाईनं सुंठवड्याचं आवतन दिलं होतं. सकाळी हार घेताना सुभद्राताई अन् ती काय कुजबुजल्या, मला ठाऊक नाही बाप्पा. मी टाळ पुसत होतो.

बारा वाजले. राम जन्मला, फुलं उधळली, निंबाच्या फांदीला टांगलेला पाळणा हलला. ताईंनी वामनरावांकडे पाहून गोड आवाजात विचारलं, "सांगा यजमान, कौशल्यामायनं पाळणा कुठं बांधला व्हता?"

लहान लेकरूही सांगेल, अयोध्येत. पण वामनरावांच्या आईचं नावही कौशल्याच! त्यांचे डोळे भरून आले, मान वर फांदीकडे गेली.

"याच निंबाले वो ताई! याच फांदीले! माय देऊळ झाडे, अन् मी इथं झोपून राहो. दोराचा वळ पाहा, अजून हाये!"

खरंच होता. लेकराच्या करदोड्यासारखा, फांदीभोवती गोल.

"अन् त्या लेकराचं वय काय आता?"

वामनरावांचा हात काळ्या केलेल्या केसांवर गेला. मागून पार्वताबाई ओरडली, "एकसष्ट! मागच्याच म्हयन्यात एकसष्टीची बुंदी खाल्ली आमी!"

ताईंनी चिपळ्या थांबवल्या. "लेकरू एकसष्टचं, झाड पस्तीसचं. मंग पाळणा काय हवेले बांधला व्हता? रामरायालेही अशी लीला जमली नाही!"

मंडप हसून लोळला. मृदंगवाल्याचा ताल चुकला. मंजुषा मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "वामनराव, हे लेखी द्याल ना?"

"ताई, भर कीर्तनात मले फसवून राहिल्या तुमी!"

"मी काहून फसवू? तुमच्या मायनं गाठच पक्की मारली."

वामनराव उठले, टाचा उंचावून त्या वळावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "माय म्हणे, निंब हाये तवर माह्या लेकराले ऊन लागत नाही." अन् मॅडमकडे वळून, "अर्ज उद्याच वापस घेतो. ते पस्तीस अर्जात मीच लिहिलं व्हतं... पण माह्या दुकानाच्या काचेचं काय?"

"दुकानाचं नाव बदला," पार्वताबाई म्हणाली. "निंबाखालचं दुकान. आंधळाही बरोबर येईन!"

नाव खरंच बदललं. निंबही पुरातन म्हणून नोंदला गेला.

बरं, टाळ वाजले, उठतो आता. आज पाळण्याचा दोर हाती आला की अयोध्येची कौशल्या आठवेलच. तिच्यासोबत देऊळ झाडणाऱ्या आमच्या कौशल्याबाईचीही आठवण ठेवा.