काचेवर जळणारा कठडा

मित्रांनो, मी नेरूळच्या गावठाणातल्या एका चार मजली घराच्या गच्चीचा जुना कठडा आहे. माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती लपवली तर पुढचं काही खरं सांगता येणार नाही. मी मत्सरी आहे.

मला साताऱ्याकडच्या सयाजी गवंड्याने बांधलं. शेत शहरासाठी सरकारने घेतल्यावर शिवाकाकांनी हे घर उभारलं, आणि सयाजीने ओळंबा लावून माझी एकेक वीट बसवली. काम संपल्यावर त्याने दोन्ही हात माझ्यावर टेकून अंगाचा सगळा भार टाकला आणि म्हणाला, "आता बिनघोर रेला." ती माझी पहिली शाबासकी. पुढे बावीस वर्षं शिवाकाकांच्या पत्नी गोजराकाकी माझ्यावर गोधड्या वाळत घालत आल्या, माझ्या पायथ्याशी सुकट पसरत आल्या. या घरातली दोन मुलं मला धरून उभं राहायला शिकली.

मग तीन वर्षांपूर्वी समोर केतनचं घर झालं. केतन म्हणजे शिवाकाकांचा धाकटा चुलत भाऊ. मधे जेमतेम सहा फुटांचा बोळ. त्याच्या गच्चीला माझ्यासारखा विटांचा कठडा नाही, चकचकीत काच आहे. संध्याकाळी खाडीकडचं ऊन तिच्यावर आलं की बघत राहावं. आमच्याच घरातली माणसं माझ्याकडे पाठ करून तिचे फोटो काढू लागली. दर रविवारी केतनच्या घरचे तिला फडक्याने पुसायचे. माझ्यावर शेवाळ चढत होतं, खाऱ्या वाऱ्याने गिलावा सुटत होता, आणि शिवाकाका म्हणायचे, "बगू दिवालीनंतर." कावळे तिच्यावर बसावेत, असं मला रोज वाटायचं.

शिवाकाकांचंही केतनशी बोलणं बंद होतं. त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं छापली, त्यात यांचंच राहिलं. एकाच गच्चीवर त्यांचा राग आणि माझा जळफळाट असे दोन्ही वाढत होते.

तिसऱ्या मजल्यावर संघमित्रा भाड्याने राहते. ती कॉलेजात इतिहास शिकवते. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत ती उद्याचा तास मोठ्याने बोलून बघते, आणि मग माझ्या कोपऱ्याला रेलून आईशी फोनवर बोलते.

"काय गं, एकटीच कोनाशी बोलतेस?" गोजराकाकींनी एकदा विचारलं.

"काकी, प्राचीन इस्रायली लोकांचा नीतिविचार शिकवायचाय उद्या. त्यांची घरंपण सपाट गच्चीची होती. नवं घर बांधलं की गच्चीला कठडा घालायचाच, असा त्यांचा नियम होता. नाही घातला आणि कोणी पडून मेलं, तर त्याचं पाप त्या घरावर."

मी अभिमानाने फुगलो. हजारो वर्षांपूर्वीचा नियम, आणि तो माझ्याबद्दल! काचेबद्दल नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती पुढचं बोलत होती. शेजाऱ्याचं घर, त्याचा बैल, त्याचं जे काही असेल त्याचा लोभ धरू नये, असंही ते लोक मानत.

"आनि मनातल्या मनात धरला तर कोनाला कलनार?" काकींनी विचारलं.

"कोणालाच नाही. म्हणून तर मला तो नियम मोठा वाटतो. चोरी पकडता येते, खोटी साक्ष पकडता येते. हे ज्याचं त्यालाच ठाऊक."

मला तोंड नाही, याचं त्या दिवशी बरं वाटलं. पण ऐकलं म्हणून मत्सर गेला नाही.

एका रविवारी सकाळी मला दिसलं की त्या काचेचे बाहेरच्या बाजूचे नट ढिले झालेत. एक तर गळूनच पडलाय. आतून ते दिसत नाहीत, आमच्याच बाजूने दिसतात. त्या दिवशी केतनच्या मुलीचा, भाविकाचा, आठवा वाढदिवस होता. काचेला फुगे बांधले होते. संध्याकाळी वीसेक मुलं गच्चीवर येणार होती. आणि मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. पडू दे ती काच. मग म्हणतील, कठडा असावा तर तो समोरचा. मुलं माझ्या मनातही आली नाहीत.

गोजराकाकींनाही ते नट दिसले. त्यांनी शिवाकाकांना वर बोलावलं.

"त्याचं तो बगंल," काका म्हणाले. "पत्रिकेत आमचं नाव नाय, तर आमची नजर तरी कशाला पायजे त्याला?"

संघमित्रा कोपऱ्यात फोनवर होती. तिने फोन ठेवला. "काका, त्या लोकांचा अजून एक नियम होता. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर तोंड फिरवून जायचं नाही. त्याला उठवायला हात लावायचा. मित्राचं नाही हं, वैऱ्याचं."

"केतन वैरी नाय माजा. भाव हाय."

"मग तर विषयच संपला."

काका माझ्याजवळ आले. मग माझ्यावर हात टेकून त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा हाक मारली, "ए केतन! भायेर ये!"

केतन आला. काकांनी नट दाखवले. त्याने काचेला नुसता तळवा लावला, तर ती बाहेर झुकली. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "दादा, तुज्या कठड्याच्या त्या कोपऱ्यातली लोखंडी सलई भायेरून गंजून तुटलीय. मला दोन महिने दिसतेय. ही पोरगी रोज तितंच रेलते. मी बगायचो, पन... सांगितलं नाय."

संघमित्रा हळूच माझ्यापासून मागे सरली.

मित्रांनो, तो कोपरा मला अधूनमधून ठणकायचा. पण माझं सगळं लक्ष समोरच्या काचेत. तिची हार बघताना मी स्वतः कोणाला घेऊन पडणार होतो, हे मला कळलंच नव्हतं.

वाढदिवस गच्चीऐवजी खाली केतनच्या घरात झाला. काका जाऊन मुलांना पाणी वाटत होते. पुढच्या आठवड्यात एकाच मिस्त्रीने दोन्ही घरांचं काम केलं. माझा कोपरा फोडून नवी सळई घातली, तेव्हा दोघे भाऊ शेजारी उभे होते. पत्रिकेचा विषय कोणी काढला नाही.

संध्याकाळी काच चमकली की मला अजून झोंबतं. खोटं कशाला बोलू? पण सकाळी मी तिचे नट बघतो, आणि ते घट्ट असले की बरं वाटतं.

मित्रांनो, कठड्यावर बसू नका, त्याला तडा दिसला तर मोठ्यांना सांगा. आणि समोरच्या घराचं काही निखळलेलं दिसलं, तर ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालाही हाक मारा. त्याच दिवशी मारा. केतनने दोन महिने लावले, आणि त्या दोन महिन्यांत संघमित्रा रोज माझ्यावर रेलत होती.