पितळी पट्टीखालचे नाव

मी एक जुना रगडा आहे, मित्रांनो, पण मला कोणी अडगळीत टाकलेले नाही. उलट माझा थाट बघून तुमचे डोळे दिपतील. कोइमतूरमध्ये इडलीचे तयार पीठ विकणारी एक मोठी कंपनी आहे. तिच्या दर्शनी दालनात मी काचेच्या पेटीत बसलेला असतो. माझ्यावर पिवळे दिवे सोडले आहेत. माझ्या पोटावर एक पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर लिहिले आहे, 'श्री. इळंगो यांनी या एका रगड्यावर, कोणाचाही आधार नसताना, केवळ कष्टाने हा व्यवसाय उभा केला.' येणारे-जाणारे ते वाचतात, माना डोलावतात आणि माझ्याबरोबर फोटो काढून घेतात. मी दगडाचा आहे, तरी ते वाक्य मला टोचते. आज मी माझी बाजू सांगणार आहे.

माझा जन्म खाणीत झाला. एका म्हाताऱ्या पाथरवटाने मला टाकी लावली. तो फार बोलत नसे, पण ठोके मात्र मोजून मारत असे. त्याने मला दगडाची खोलगट बैठक दिली आणि तिच्यात उभा राहील असा बत्ता घडवला. वरून पोलादी पिंप चढले, खाली मोटर बसली. आमच्यात पिंप फिरते आणि बत्ता जागच्या जागी उभा राहून वाटतो. लोकांना फिरणारे पिंप तेवढे दिसते.

मला विकत घेतले ते मरुदायीने. तिचा नवरा सूतगिरणीत होता आणि त्याच्या पगारात घरातली सगळी तोंडे भरत नव्हती. तिने कानातल्या सोन्याच्या कुड्या मोडल्या. भोके बुजू नयेत म्हणून त्यांत कडुलिंबाच्या काड्या घातल्या आणि मला हातगाडीवर घालून घरी निघाली. वाटेत तिने गाडी भांड्यांच्या दुकानापाशी थांबवली. तिथे भांड्यांवर नाव ठोकून देणारा माणूस बसलेला होता.

त्याने विचारले, "नाव काय घालू? नवऱ्याचं सांग."

"वाटणार मी आणि नाव त्याचं?" मरुदायी म्हणाली. "माझं घाल. आणि जरा जोरात ठोक, दोन दिवसांत पुसलं जाईल असं नको."

त्याने इतके जोरात ठोकले, की अक्षरांचे ठिपके पिंपाच्या आतून पुटकुळ्यांसारखे वर आले. मला दुखले, पण मी कोणाचा तरी झालो याचा आनंदही झाला.

मग आमचे दिवस सुरू झाले. गल्लीतल्या बायका भिजवलेले तांदूळ आणि उडीद घेऊन येत आणि मी दोन-तीन तास घरघरत असे. शेवटी मरुदायी कोपरापर्यंत हात घालून पिठात मीठ कालवी. तिने कालवलेले पीठ सकाळी पातेल्याबाहेर येई. बायका म्हणत, "अक्का, तुझ्या हाताला गुण आहे बाई. देवानं दिलेला हात आहे."

मरुदायीला या बोलण्याचा राग येई. "देवानं मला दहा बोटं दिली, तुम्हालाही दहाच दिली," ती म्हणे. "उडीद कधी काढायचा, पाणी किती शिंपडायचं, थंडीत पातेलं कुठं ठेवायचं, हे शिकता शिकता माझी निम्मी जिंदगी गेली. त्याला हातगुण म्हणता होय गं?" बायका हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणत.

अशी बारा-तेरा वर्षे गेली. मग एक काळ असा आला, की वीज दिवसातले आठ-दहा तास गायब होऊ लागली. माझे पोट भरलेले असे आणि मी मध्येच थांबे. अर्धवट वाटलेले पीठ आंबून जाई. बायकांचे तांदूळ भिजून वाया जाऊ लागले. मरुदायी माझ्यापाशी बसून पंख्याकडे बघत राही. पंखा फिरला, की ती उठे.

अशाच एका दुपारी इळंगो आला. त्याची आई त्याला आमच्याकडे पीठ आणायला पाठवत असे. मित्रांनो, हा इळंगो कोण ते नीट ऐका, कारण पट्टीवर ते लिहिलेले नाही. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, चौकात स्वतःचा गाळा होता आणि गिरणीसाठी घेतलेला डिझेलचा जनरेटर होता. इळंगोने आधी मोबाइलचे दुकान काढले होते, ते बुडाले. मग बनियन शिवण्याचा धंदा काढला, तोही बुडाला. दोन्ही वेळा वडिलांनी निस्तरले. काही माणसे पडली, की गादीवर पडतात आणि काही दगडावर. मी दगड आहे, माझ्यावर पडणाऱ्यांचे काय होते ते मला ठाऊक आहे.

इळंगो म्हणाला, "अक्का, रगडा तुझा, गाळा माझा, जनरेटर बाबांचा. सगळ्या गावाचे रगडे बंद पडलेत. आपण पीठ वाटून पिशव्यांत घालून विकू. पाटीवर दोघांची नावं."

"आणि नाही चाललं तर?" मरुदायीने विचारले. "तुला घर आहे. मला हा एवढा रगडाच आहे."

"ज्या दिवशी मागशील त्या दिवशी तुझा रगडा तुझ्या दारात. शपथ घेऊ?"

त्याने माझ्या काठावर कापराची वडी ठेवली, पेटवली आणि तळहाताने थाडकन विझवली. कापूर विझवून घेतलेली शपथ आमच्या गावात कोणी मोडत नाही. मोडणाऱ्याचा हात झडतो म्हणतात. त्या कापराचा काळा डाग माझ्या काठावर कितीतरी दिवस होता.

मी खोटे बोलणार नाही. इळंगोने कष्ट केले. पहाटे पाचला स्कूटरवर पिशव्या लादून तो दुकानोदुकानी फिरे. उन्हाने त्याची मान काळी पडली. पण मरुदायी त्याच्या आधी दोन तास उठलेली असे आणि ते स्कूटरवरून जाणाऱ्याला दिसत नसे. नशीबही धावून आले. गाळ्यासमोर परिचारिकांचे वसतिगृह उघडले आणि दोनशे मुली रोज आमच्या पिठाची वाट बघू लागल्या. वीज गेलेल्या गावात आमचा जनरेटर धडधडत होता. मरुदायीच्या गल्लीत तोच जनरेटर असता, तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

पहिली पाटी रंगवून आली, तेव्हा तिच्यावर एकच नाव होते.

"रंगाऱ्याला जागा पुरली नाही, अक्का," इळंगो म्हणाला. "पुढच्या पाटीवर घालू."

"घाल बाबा," मरुदायी म्हणाली. ती तेव्हा मीठ कालवत होती.

पुढची पाटी दिव्यांची आली. तिच्यावर जागाच जागा होती, तरी नाव एकच होते. त्यानंतर मरुदायीने विचारले नाही. तिच्या दोन मुलांच्या शाळा होत्या आणि दर महिन्याला हातात पगार पडत होता. भागीदार पगार घेत नसतो, हे तिला कोणी सांगितले नाही. मला बोलता आले असते, तर मी सांगितले असते.

मग मोठा कारखाना झाला. माणसाच्या उंचीची यंत्रे आली. त्यांना पीठ कसे करायचे ते मरुदायीने शिकवले. कोणत्या महिन्यात उडीद किती वेळ भिजवायचा, हे ती सांगे आणि एक साहेब लिहून घेई. लिहून झाल्यावर तिला पांढरी टोपी देऊन पिशव्या तपासायला बसवले. मला पोत्यांखाली टाकले. मी तिथे सहा वर्षे होतो. दिवसाकाठी एकदा ती येई, पोते उचलून माझ्यावर हात फिरवी आणि जाई.

एके दिवशी जाहिरातवाले आले. "लोकांना यंत्र आवडत नाही, गोष्ट आवडते," ते इळंगोला म्हणाले. "सुरुवातीचं काही आहे का?" मग मला बाहेर काढले. माझी मोटर काढून टाकली, मला घासूनपुसून चकाकते केले आणि माझ्या पोटावर बरोबर त्या जागी पितळी पट्टी ठोकली. चार खिळ्यांखाली मरुदायीचे नाव झाकले गेले.

आता माझा गुन्हा सांगतो, कारण तो लपवला तर मीही त्या पट्टीसारखाच ठरेन. मला ते सगळे आवडले. सहा वर्षे पोत्यांखाली काढल्यावर दिवे, फुले, फोटो! मोठमोठी माणसे माझ्यापुढे वाकत. मरुदायी मागच्या दाराने कामावर येई आणि मी पुढच्या दारात मिरवत असे. पट्टीखाली काय आहे, हे मी काही काळ चक्क विसरलो. याची लाज मला आजही वाटते.

गेल्या वर्षी मरुदायीला घरी बसायला सांगितले. तिचे काम यंत्र करू लागले होते. घरी सून होती, तिला वाटण्या-कालवण्याची आवड होती. मरुदायीच्या मनात आले, आपला रगडा आणावा, गल्लीत पुन्हा वाटण सुरू करावे, आणि या वेळी सुनेला सगळे शिकवावे. म्हणून ती खंडेनवमीला आली.

त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या अवजारांना विश्रांती असते. दारात कुंकू भरलेला कोहळा फोडला होता. चुरमुऱ्यांच्या पुड्या वाटल्या जात होत्या. पूजेसाठी माझी काच उघडली होती. इळंगो मुलाखतीला आलेल्या कॉलेजच्या मुलांना सांगत होता, "नशीब वगैरे काही नसतं. मी शून्यातून आलो. माझ्याकडे हा रगडा आणि हे दोन हात एवढंच होतं."

मरुदायी चंदनाची वाटी घेऊन पुढे आली. दरवर्षी तीच मला चंदन लावत असे.

"इळंगो," ती म्हणाली. इतकी वर्षे ती त्याला मालक म्हणत होती. "मला माझा रगडा घरी न्यायचाय."

तो हसला. "अक्का, हा बंद आहे. मी तुला नवा घेऊन देतो. दोन घेऊन देतो."

"नवा नको. माझा दे. मोटर मी बसवून घेईन."

"अगं, हा आता कंपनीचा आहे. लोक लांबून बघायला येतात याला."

"कापूर विझवला होतास तू."

"तेव्हा पोरवय होतं, अक्का. आता असं बोलतात का सगळ्यांसमोर?"

एका मुलीने विचारले, "सर, या कोण?"

मी श्वास रोखला. दगडाला श्वास नसतो, पण त्या क्षणी मला होता. इळंगोने मरुदायीच्या खांद्यावर हात ठेवला. "या आमच्याकडच्या सर्वांत जुन्या कामगार," तो प्रेमाने म्हणाला. "यांच्या हाताला फार गुण. नशीबवान बाई! देवानं दिलेला हात."

म्हणजे मेहनत त्याची आणि नशीब तिचे! त्याचा हात झडला नाही, मित्रांनो. त्या हातात हिऱ्याची अंगठी चमकत होती.

मरुदायीने पट्टीला चंदन लावले नाही. ती वाकली, माझ्या पिंपात हात घातला आणि आतून चाचपत गेली. बोटांना पुटकुळ्या लागल्या. त्यांच्यावरून तिने सावकाश बोट फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिथे चंदन लावले. मग दोन्ही हातांनी तिने माझा बत्ता उचलला. रोज धुण्यासाठी ती तो उचलत असे, तिला वजन नवे नव्हते.

"पिंप ठेव तुझ्या गोष्टीला," ती म्हणाली. "वाटायचा दगड मी नेते."

मुले मोबाइल धरून उभी होती. इळंगोने चेहऱ्यावरचे हसू ढळू दिले नाही. "न्या, न्या, अक्का. आठवण म्हणून न्या," तो म्हणाला. ती बत्ता पोटाशी धरून पुढच्या दाराने निघून गेली. पुढच्या दाराने ती पहिल्यांदाच जात होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले नाही, आणि माझा तो हक्कही नव्हता.

दोन दिवसांत माझ्या पोटात फायबरचा बत्ता आला. करड्या रंगाने रंगवलेला, आतून पोकळ, एका बोटाने उचलता येईल असा. आजवर एकाही पाहुण्याला फरक कळलेला नाही. दारावरचा पहारेकरी मात्र त्याच गल्लीत राहतो. परवा तो दुसऱ्याला सांगत होता, की मरुदायीच्या अंगणात तिच्या सासूचा हाताने फिरवायचा जुना रगडा आहे, त्यात आता दुसराच बत्ता बसवला आहे आणि ती आणि तिची सून आळीपाळीने तो फिरवतात. "पीठ काय फुगतं म्हणून सांगू!" तो म्हणाला. "हाताला गुण आहे म्हातारीच्या." त्यालाही तेच म्हणावेसे वाटले.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, फुले नकोत. माझी काच रोज पुसली जाते, तेवढी काळजी पुरे. माझी एकच विनंती आहे. कधी इकडे सहलीला आलात आणि कोणी सांगू लागले, की हे सगळे एकट्याने केले, तर ते शांतपणे ऐका. मग पेटीवर 'हात लावू नये' असे लिहिले आहे तिकडे लक्ष देऊ नका. खंडेनवमीला काच उघडी असते. माझ्या पोटात हात घाला आणि पट्टीच्या मागच्या बाजूने बोट फिरवा. चंदन वाळले असेल, पण नाव लागेल.