वाल्मीकच्या ड्रोनची भोवळ

ऐका ना, मखमलाबादच्या आपल्या वाल्मीकने घरी ड्रोन बनवला हे खरं आहे, आणि तो उडायचा हेही खरं आहे. फक्त दहा फुटांवर गेला की गरागरा फिरायला लागायचा. आधी छोटं रिंगण, मग मोठं, मग डायरेक्ट झेंडूच्या वाफ्यात! झेंडू घरचाच, पण तो लावणारे त्याचे वडील, आप्पा, तेही घरचेच ना!

"रविवारी नऊला माणसं बोलावतो," आप्पा म्हणाले. "तुझं पाखरू एका जागी थांबलं तर मागची शेड तुझी, कर काय कारखाना करायचा तो. नाय थांबलं, तर सोमवारपासून फुलबाजारात गाळ्यावर बसायचं. मान्य हाय?"

"मान्य!" वाल्मीक असा रुबाबात म्हणाला की त्याचं त्यालाच भारी वाटलं.

रोग त्याला माहीत होता. ड्रोनमध्ये एक होकायंत्र असतं. शेजारच्या तारांतून करंट धावला, नाहीतर जवळ लोखंड-चुंबक आलं, की त्या बिचाऱ्याला उत्तर दिशा कुठे तेच कळेनासं होतं. मग काय, भाऊ पेटला! होकायंत्र तारांपासून लांब, उंच दांडीवर बसवलं. बॅटरीच्या तारांना वेणी घातली. लोखंडी स्क्रू काढून प्लॅस्टिकचे लावले. घरात तर कर्फ्यूच. बहीण स्नेहल मोबाईल घेऊन आली की हा ओरडणार, "लांब! चुंबक असतं त्यात!" आईला केसातली पिन काढल्याशिवाय टेबलाजवळ बंदी.

शिवाय प्रत्येक बदलानंतर होकायंत्राला दिशा नव्याने शिकवायच्या. त्यासाठी ड्रोन हातात धरून आडवा, उभा, उलटा, सगळ्या अंगांनी फिरवायचा. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया, म्हणून साहेब हे मोकळ्या वावरात करायचे. शेजारच्या सखुबाई कुंपणावरून आईला विचारायच्या, "सुवर्णा, पोराच्या अंगात येतं का गं?"

आणि दर वेळी स्क्रीनवर हिरवी खूण. पास! हातात असला की ड्रोन शहाणा, सोडला की येडा.

रविवारी साडेआठला शेवटची ट्रायल घेतली. रिंगण, मोठं रिंगण, वाफा. तिकडे ओट्यावर दहा-बारा माणसं चहा पीत बसलेली. वाल्मीक पडवीत आईजवळ जाऊन धपकन बसला. आई आणि स्नेहल हार ओवत होत्या.

"आई, डोकंच चालत नाहीये माझं."

"चहा घे आधी."

त्याने कपाकडे हात नेला. आईची हार ओवायची सुई परडीच्या काठावर होती, ती दोऱ्यासकट उडाली आणि चट्‌ करून त्याच्या मनगटाला चिकटली.

तिघंही बघतच राहिले. शर्टाच्या बाहीखाली कडं होतं. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात घेतलेलं, आतून सहा चुंबकं. एकाग्रता वाढते म्हणे!

"दादा," स्नेहल हळूच म्हणाली, "मी पिन काढू का केसातली?"

"गप गं!"

होकायंत्र शिकवताना भाऊ दर वेळी दांडीजवळच, त्याच उजव्या हाताने ड्रोन धरायचा. ड्रोन फिरला की हात फिरणार, हात फिरला की चुंबकं. होकायंत्र दुनिया शिकलं होतं ती वाल्मीकच्या मनगटासकट! हवेत गेलं की मनगट गायब, मग भोवळ येणार नाही तर काय?

कडं फेकून तो वावरात पळाला. आता ओट्यावरच्या सगळ्यांसमोर पुन्हा तो नाच. आडवा, उभा, उलटा. सखुबाईंनी तर हात जोडले. मग त्याने ड्रोन खाली ठेवला आणि उडवला.

दहा फूट. थांबला. खुंटीला टांगल्यासारखा थांबला! वारा आला, जरा हलला, परत जागेवर. वर बघून बघून आप्पांची मान दुखायला लागली.

"काय बिघडलं होतं रे?" त्यांनी विचारलं.

वाल्मीकने घसा खाकरला. "मॅग्नेटिक इंटरफिअरन्स होता, आप्पा. म्हणजे कसं..."

"मराठीत."

स्नेहलने तोंड उघडलं, तसा हाच घाईघाईत बोलून गेला, "ड्रोन बरोबर होता. मीच एकाग्रतेचं चुंबकी कडं घालून फिरत होतो, महिनाभर."

ओटा हसून आडवा झाला. चांदवडहून आलेले संतोषभाऊ डोळे पुसत म्हणाले, "आमच्या कांद्यावर आणा एकदा. तुम्ही नुसते आलात तरी चालेल, लय करमणूक होते."

आप्पाही हसले, पण मिशीतल्या मिशीत. "शेड घे," ते म्हणाले. "खताची पोती मात्र तूच हलवायची."

पुढचं ऐकायला वाल्मीक थांबलाच नाही. रिमोट गळ्यात तसाच, सुसाट शेडकडे.

"अरे एकाग्र!" मागून आप्पा ओरडले. "हे वरचं खाली कोण घेणार?"