पट्ट्यावरचे आठशे मीटर

पहाटे पाचला मागच्या खोलीतून पळायच्या मशीनच्या पट्ट्याची घरघर सुरू व्हायची आणि मी पडल्या पडल्या ती ऐकायचो. घरघर चालू म्हणजे आरोही घरात आहे. मधेच आवाज बंद पडला तर मी अनवाणी धावत जायचो. बहुतेक वेळा लाइट गेलेली असायची. आरोही अंधारात दांडी धरून उभी असायची आणि म्हणायची, "जित्ती आहो बाबा. झोपा तुम्ही."

मी एसटीत ड्रायव्हर होतो, एकतीस वर्षं. रिटायर होऊन अमडापूरला घरी बसलो आणि वर्षाच्या आत माझी बायको जयमाला गेली. तिला साखर होती, डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती फिरायला गेली. धुकं होतं. मागून गाडी आली, तिला उडवून गेली, थांबली नाही. मला बोलवायला माणूस आला तेव्हा मी चहा पीत होतो. तिची एक चप्पल रस्त्यावर होती. दुसरी दुपारी गव्हाच्या वावरात सापडली.

यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

लोक म्हणतात, वामनराव उगाच भितात. पण मी काचेच्या आतून रस्ता पाहिलेला माणूस आहे. धुक्यात पायी माणूस किती उशिरा दिसतो ते मला माहीत आहे. आधी काहीच नसतं. मग काळा डाग दिसतो. तो झुडूप आहे की दगड हे ठरवेपर्यंत त्याचा माणूस होतो. तोवर पाय ब्रेकवर आला तर बरं.

आरोहीला पोलीस भरतीत जायचं होतं. लेखी परीक्षेची तिला चिंता नव्हती. पण मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, आणि चांगले गुण पाहिजेत तर तीन मिनिटांच्या आत. आमच्याकडे भरतीची पोरं-पोरी पहाटे रस्त्यावरच पळतात. कडेच्या दगडांवर चुन्यानं खुणा केलेल्या असतात. आठशेची खूण पुलाजवळ आहे. जयमाला पडली ती जागा त्याच्या थोडी अलीकडे.

मी आरोहीला रस्त्यावर पळायला मनाई केली. ती दोन दिवस जेवली नाही. मग मी चिखलीच्या एका मास्तरकडून जुनी ट्रेडमिल आणली. सोयाबीनच्या खोलीतली पोती बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून ती ठेवली. तिला एक लाल दोरी होती. दोरीचा चिमटा कपड्याला लावायचा. माणूस पडला की दोरी ओढली जाते आणि पट्टा थांबतो. मला त्या मशीनमधली तेवढीच गोष्ट आवडली. चिमटा लावल्याशिवाय मी आरोहीला पट्ट्यावर चढू देत नव्हतो.

"बाबा, याच्यावर हवाच लागत नाई," ती म्हणायची.

"पंखा लाव."

"पंख्याचं नाई म्हणत मी. रस्त्यानं पयलं की पूल तरी येते. इथं दोन मैल पयलं तरी समोर भिंतच. भिंतीवरची पाल आता ओळखते मले."

पण आकडे चांगले येत होते. आठ महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, मशीनच्या काचेवर आठशे मीटरला दोन मिनिटं बावन्न सेकंद लागले असं दिसलं. मी ते कॅलेंडरवर लिहिलं. पोरगी पासही होईल आणि घरातच राहील, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात माणिकराव घरी आले. ते फौजेतून आलेले. गावच्या पोरांना पहाटे तेच पळवतात.

"ड्रायव्हर साहेब, पोरीले काऊन नाई पाठवत?"

"घरी पयते ते. दोन बावन्न आहे तिची."

"त्या पट्ट्यावर?" माणिकराव हसले. "अहो, तिथं पट्टा मागं पयते. पोरीनं नुसता पाय उचलला तरी चालते. जमीन मागं नाई जात, तिले ढकला लागते. बुलढाण्याच्या ग्राउंडवर तिले मशीन देतीन काय?"

मी कॅलेंडरवरच्या आकड्याकडे पाहिलं.

"महिना राह्यला भाऊ. एकदा घड्याळ लावून पाहू द्या. नाई जमलं तर मंग त्या मशीनीसंगच लग्न लावा तिचं."

दाराआड आरोही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मी हो म्हणालो. एक अट घातली. मी मोटरसायकलवर तिच्या मागे राहणार.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. मी गाडी परत वळवणार होतो, पण ती आधीच उतरून बूट बांधत होती. माणिकरावांची पोरं पुढे पळत गेली होती, त्यांच्या पायांचा आवाज येत होता, ती दिसत नव्हती.

"डाव्या बाजूनं पय," मी तिला सांगितलं. "आपली बाजू सोडू नको."

माणिकरावांची शिट्टी वाजली. सुरुवातीला ती बरी पळाली. मग मला मागून दिसायला लागलं. तिचे पाय घासत होते. रस्ता कडेला उतरता होता, बारीक गिट्टी होती, समोरून गार वारा होता. यातलं काहीच त्या खोलीत नव्हतं. आणि ती रस्त्याकडे पाहत नव्हती. मान थोडी खाली, नजर छातीच्या उंचीवर. मशीनची काच असते तिथे.

माझ्या आरशात उजेड आला. कापसाचा टेम्पो होता. तो मला ओलांडून पुढे गेला. त्याच्या इंजिनाचा आवाज कमी झाला नाही. त्यावरून मला कळलं की त्याला ती दिसलेली नाही.

मी हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. तिनं मागे पाहिलं नाही. मी तिच्या नावानं ओरडलो. तरी नाही. आठ महिने ती पट्ट्याच्या घरघरीत पळाली होती. मागून काही येतं, हे तिचे कान विसरले होते. त्या खोलीत मागून काही येतच नव्हतं. मीच तशी सोय केली होती.

टेम्पोचे लाल दिवे लागले. तो वळला आणि हातभर अंतरानं तिच्या बाजूनं गेला. ती गिट्टीत पडली.

मी गाडी तशीच टाकून पळालो. तिचे दोन्ही गुडघे फुटले होते. टेम्पोवाला खाली उतरून हात जोडत होता. "काका, दिसल्याच नाई हो. देवाशपथ दिसल्या नाई." त्याला काय बोलणार? तो थांबला तरी.

माणिकराव धापा टाकत आले. त्यांनी आरोहीला उठवून उभं केलं आणि मग तिच्यावरच ओरडले.

"तुले डाव्या बाजूनं पयाले कोणं सांगलं? माह्या पोरांले पाह्य, सारे उजवीकडून आहेत. पायी माणसानं येणाऱ्या गाडीच्या समोरून जावं. दिसली की खाली उतरता येते. मागची कशी दिसन तुले?"

आरोहीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"म्या सांगलं," मी म्हणालो.

एकतीस वर्षं डावी बाजू माझी होती. उजवीकडून पायी येणाऱ्या माणसांवर मी खिडकीतून ओरडलो आहे, उलट्या बाजूनं काय येता म्हणून. जयमालाही उजवीकडूनच चालायची. तिच्या माहेरी, रोहिणखेडला, शाळेत मास्तरनं तसं शिकवलं होतं. मी तिला म्हणालो होतो, ड्रायव्हरची बायको आणि राँग साइडनं चालते, लोक हसतील. त्या दिवसापासून ती डावीकडून चालायला लागली.

घरी आल्यावर मी आरोहीच्या गुडघ्यांना हळद लावली. अर्धी हळद खाली सांडली.

"तुह्या आईलेबी मीच सांगलं होतं," मी म्हणालो. "डावीकडून चाल म्हणून."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "आईनं सांगलं होतं. तुमची नक्कल करून दाखवली होती." मग तिनं विचारलं, "गुडघे सुकल्यावर कुठं पयू, बाबा? खोलीत की रस्त्यावर?"

मी नाही म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं. तिच्या आईनंही ऐकलंच होतं.

"रस्त्यावर," मी म्हणालो. "उजवीकडून."

चौथ्या दिवशी पुन्हा धुकं होतं. माणिकरावांनी मला मागे येऊ दिलं नाही. "समोर जाऊन उभे राहा. पोरीले पोचाची जागा दिसू द्या." बॅटरी कठड्यावर लावून ठेवली आणि एका हातात फोन, दुसऱ्या हातात त्यांचं घड्याळ घेऊन मी पुलावर उभा राहिलो. फोन वाजला. "सोडली," ते म्हणाले. मी बटण दाबलं.

आठशे मीटर किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. एक ट्रक माझ्यासमोरून तिच्या दिशेनं गेला. मी कान लावून ऐकत होतो. ब्रेकचा आवाज आला नाही. दुसरा कसलाही आवाज आला नाही. मग काळा डाग दिसला. तो माझ्या डाव्या हाताला होता, म्हणजे पळणाऱ्याच्या उजवीकडे, रस्त्याच्या खाली, मातीत. त्याची आरोही झाली. तिची मान वर होती. ती माझ्याकडे पाहत होती.

ती माझ्या अंगावरच येऊन थांबली. "तो ट्रक पाह्यला बाबा? लांबूनच दिसला मले. उतरली मी खाली. किती झाले?"

मी घड्याळ पाहिलं. ते चालूच होतं. बटण दाबायचं मी विसरलो होतो.

"अरे देवा," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमच्यापरीस ते मशीन बरं होतं. आता पुन्हा पया लागन."

"उद्या पय."

"आजच."

माणिकराव गाडीवर आले आणि तिला मागे बसवून परत घेऊन गेले. मी घड्याळ शून्यावर आणलं. फोन वाजला. "सोडली." मी बटण दाबलं आणि अंगठा तिथेच ठेवला. हात पुलाच्या कठड्यावर टेकवला. धुक्यात पुन्हा काहीच नव्हतं.