हातानं फिरवायचा वायपर

नेसरीच्या बाजारपेठेतच मोटारीच्या वायपरनं मान टाकली. गुंडू ड्रायव्हरनं भर पावसात बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि ओलाचिंब होऊन परत खिडकीशी आला.

"इंजिन हवा वढतंय तवा वायपर हालतोय, अप्पासाहेब. रबरी नळी चिरलीया. समोर सायकलचं दुकान हाय. ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेनं आवळतो. अर्ध्या तासाचं काम."

अप्पांनी घड्याळ पाहिलं. पावणेतीन झाले होते. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो आणि त्याच्या आत मुलगी चंदगडला पोचायलाच हवी होती. अप्पा कचेरीत हेडक्लार्क. साहेबाची वेळ एखादवेळ चुकवतील, राहुकाळाची नाही. राहुकाळात मुलगी दाखवायची नाही, एवढं त्यांचं पक्कं होतं.

मागं बसलेल्या पद्मजानं ऐकलं आणि तिच्या मनात आशेनं उडी मारली. अर्धा तास दुरुस्तीचा, पुढं घाटातले अठरा मैल, म्हणजे राहुकाळ लागलाच. अप्पा वाटेतूनच मोटार फिरवतील आणि उद्या सोमवारी ती कोल्हापूरच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव घालील. सोमवार हाच प्रवेशाचा शेवटचा दिवस. अप्पांनी शब्द दिला होता, "हे शेवटचं स्थळ. इथं जमलं नाही तर तू खुशाल मास्तरीण हो." आधीच्या तीन ठिकाणी उंची आणि चष्मा पाहून लोकांनी हात झटकले होते. चौथ्यांनीही झटकावेत म्हणून तिनं अंबाबाईला साकडं घातलं होतं. मुलीच्या जातीनं असलं साकडं घालू नये म्हणतात. तिनं घातलं.

"अप्पा, नळी करूनच घेऊ या," ती साळसूदपणे म्हणाली. "घाटात धोका नको."

"नळी येताना करू," अप्पा म्हणाले. "काय गुंडू, हातानं हलत नाही का तो?"

हलत होता, हेच तर दुर्दैव. काचेच्या वर, आतल्या बाजूला, बोटाएवढी एक दांडी होती. ती इकडंतिकडं केली की बाहेरची पट्टी फिरायची. गावाबाहेर पडेपर्यंत अप्पांनी ती स्वतः फिरवली. मग त्यांचा खांदा धरला. मागं आत्याबाई, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, मोटार लागून लिंबू हुंगत पडली होती, तिचा उपयोग नव्हता. राहिली पद्मजा. नवी साडी सावरत ती ड्रायव्हरशेजारी येऊन बसली आणि दांडी धरली.

इकडं, तिकडं. इकडं, तिकडं. काचेवर पंख्याएवढा रस्ता दिसायचा आणि लगेच पुसला जायचा. पाऊस चंदगडचा, त्याला दयामाया नाही. मैलभरात मनगट भरून आलं, दोन मैलांत तळहाताला फोड उठला. ज्या घरी जायचं नाही त्या घराचा रस्ता आपणच पुसून देतोय, या विचारानं तिला रडूही येईना, नुसता संताप आला.

एका वळणावर तिनं हात काढला. काच पांढरी झाली. गुंडूनं कचकन ब्रेक दाबला, मोटार चिखलात सरकली आणि कडेच्या दगडाला चाक टेकवून थांबली. पलीकडं जमीन नव्हती.

गुंडूचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "ताई, सोडू नगासा. घरी चार ल्योकरं हाईत मला."

तिनं दांडी पुन्हा धरली आणि चंदगडची कौलं दिसेपर्यंत सोडली नाही. सव्वाचारला मोटार दारात उभी राहिली.

मुलाच्या आईचे, बयाबाईंचे, गुडघे धरलेले होते. म्हणून तर मुलीलाच इथवर आणायचा निरोप आला होता. भाताची गिरणी, काजूची बाग, आणि घरात त्यांच्याशिवाय कुणाचा आवाज नाही. मुलगा खाली मान घालून बसला होता. बयाबाईंनी पद्मजाला उभी केली, चालायला लावली, चष्मा काढायला लावला.

"उंच हाय," त्या म्हणाल्या. "चष्माबी हाय. बरं. कळवतो तुमास्नी."

कळवतो. हा शब्द पद्मजा तीनदा ऐकून चुकली होती. तिनं खाली पाहून हसू दाबलं.

पण अप्पांना गप्प बसवेना. वेळेचं जरा मागंपुढं झालं, असं म्हणत त्यांनी वायपरची हकिकत काढली. खांदा, नळी, अठरा मैल, आणि पोरीनं कसं फिरवत आणलं. त्यांना फक्त शांतता भरून काढायची होती.

बयाबाई सावरून बसल्या. "हात बघू, पोरी."

पद्मजानं हात मागं घेतला. त्यांनी तो ओढून उलटा केला. फोड फुटून तळवा लाल झाला होता.

"अठरा मैल? आन तोंडातनं शबूद काढला न्हाई?"

"नाही हो," अप्पा अभिमानानं म्हणाले.

बयाबाई मुलाकडं न बघताच म्हणाल्या, "पोरगी सोशीक हाय. आमाला पसंत हाय. दिवाळी झाली की बार उडवून टाकू."

पद्मजानं हात सोडवून घेतला. ती बोलली, आणि असल्या बैठकीत मुलगी बोलते हेच सगळ्यांना नवल. "मी सोसलं नाही. मला राग आला होता. थांबले असते तर सगळे दरीत गेलो असतो, म्हणून फिरवत राहिले."

आत्याबाईच्या हातातलं लिंबू खाली पडलं. मग बयाबाई मनापासून हसल्या, आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाल्या, "मग संसार म्हंजे दुसरं काय असतंय, पोरी?"

अप्पा डोळे पुसत होते. आतून साखर आली. बयाबाईंनी स्वतःच्या हातानं चिमूटभर तिच्या तोंडात घातली, आणि तिला पुढं कॉलेजाचं जे बोलायचं होतं ते राहून गेलं.