तुतीखाली पुरलेल्या वेण्या

रोज सकाळी शाळेला निघताना मायसाच्या डोक्यावर जे काही चढायचं, त्याला वेण्या म्हणणं म्हणजे खेळण्यातल्या घोड्याला चारा घालण्यासारखं होतं. एक गोल भरतकामाची टोपी आणि तिला आतून शिवलेल्या दोन काळ्या कुळकुळीत वेण्या, बाजारातून आणलेल्या. उन्हात त्या चमकायच्या, तापायच्या, आणि त्यांना नव्या बाहुलीच्या खोक्याचा वास यायचा. शाळेचा नियम सरळ होता. हिरवा पायघोळ झगा, टोपी, दोन लांब वेण्या. ज्यांच्या डोक्याला नसतील त्यांनी टोपीला शिवाव्यात. वर्गातल्या निम्म्या मुलींनी शिवल्या होत्या आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मायसाला वाटायचं. कारण उन्हाळ्यापर्यंत तिच्या स्वतःच्या वेण्या गुडघ्यापर्यंत होत्या.

गुडघ्यापर्यंत म्हणजे खरंच गुडघ्यापर्यंत. बसताना त्या पुढे घ्याव्या लागायच्या, नाहीतर स्वतःच्याच केसांवर बसून मान मागे ओढली जायची. रविवारी आई अंगणात तिला ओणवी बसवून आंबट दही चोळायची, मग कोमट पाणी, मग लाकडी फणी, आणि वाळेपर्यंत दुपार सरायची. कंटाळा यायचा, मान दुखायची, दह्याच्या वासाने मांजर मागे लागायचं. तरी मायसाला तो दिवस हवासा वाटायचा. बाकी मिरवण्यासारखं तिच्याकडे होतं काय? नाक बसकं, गणित कच्चं, आवाज असा की गाण्याच्या तासाला बाई तिला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. पण ती लग्नघरात शिरली की बायका बोलता बोलता थांबायच्या. कुणीतरी म्हणायचंच, "ही कुणाची ग, केसवाली?" ती भरलेल्या खोलीतून चालत जायची तेव्हा वेण्या पाठीवर थपथप वाजायच्या, आणि आपण कुणीतरी आहोत असं तिला प्रत्येक थपेला वाटायचं.

मग उन्हाळा संपता संपता, ऑगस्टमध्ये, तिला ताप आला. त्याआधीही ती शाळेत दोनदा चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि डाळिंब खायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सेनेमआत्या आली. सेनेमआत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. ती घरात शिरली की आईचा आवाज आपोआप अर्धा व्हायचा. आत्याने मायसाची वेणी उचलली आणि भाजीवालीकडची जुडी तोलावी तशी हातात तोलली.

"आबादान, ही पोर खाते ते सगळं हे केस पितायत."

"डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात," आई म्हणाली.

"डॉक्टरीण कालची पोर. तिला काय कळतंय? मी पाच मुलं वाढवलीत."

त्या दुपारी मायसाचे डोळे तापाने उघडत नव्हते. आईने तिचे खांदे धरले. आत्याने मेंढ्या कातरायची कात्री चालवली. कानापाशी करकर आवाज आला, एवढंच तिला आठवत होतं. संध्याकाळी जाग आल्यावर तिने कूस बदलली तर मान नको तेवढी वळली, जणू तिच्यावरचा कुणी भार काढून नेला होता. हात मागे गेला आणि रिकामाच परत आला.

ती इतकी रडली की ताप पुन्हा चढला. "कुठे ठेवल्यात?" एवढंच विचारत राहिली.

"पुरल्या," आत्याने सांगितलं. "कापलेले केस पायदळी येऊ नयेत. तुमच्याच अंगणातल्या तुतीखाली मी माझ्या हाताने पुरल्यात, दुआ म्हणून. आता रड आवर, गोळ्या घे."

तेव्हापासून मायसा रोज संध्याकाळी किटलीतला उरलेला चहा तुतीच्या बुंध्याशी ओतायची. कुणाला सांगायची नाही. कधी नुसती उभी राहायची, कधी त्या मातीशी दिवसभराचं बोलायची. आज टोपी सरकली, सगळे हसले. आज टाके उसवून एक वेणी फळ्यापाशी पडली. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. पण घरात कुणी मेलं तर माणसं कबरीवर जातातच की.

ऑक्टोबरात आत्याच्या मुलीला, गुंचाला, बघायला बायका येणार होत्या. गुंचा वीस वर्षांची, बोलायला गोड, आणि केस मात्र आधीपासून उंदराच्या शेपटीएवढे. आई आणि मायसा मदतीला सकाळपासून आत्याकडे होत्या. तळणीतून पिश्मे, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, काढायचे, भाकरी मांडायच्या, खरबूज कापायचं. पाहुण्या आल्या तशी मायसा गालिच्यावर चहाचे पेले ठेवायला वाकली. तिच्या बाजारी वेण्या पुढे लोंबल्या.

"मायसाजान, ते प्लास्टिक जरा मागे घे," आत्या पाहुण्यांसमोरच म्हणाली. "चहात पडलं तर पाहुण्यांना वाटेल आम्ही चहात दोऱ्या उकळतो."

बायका हसल्या. मायसाच्या कानापर्यंत आग गेली, पण तिने वेण्या मागे घेतल्या. पाहुणे होते.

मग दार उघडून गुंचा आली. लाल मखमली झगा, नवी टोपी, हातात किटली, आणि पाठीवर दोन जाड वेण्या. ती चहा ओतायला खाली बसली आणि तिने वेण्या पुढे घेतल्या.

मायसा बघतच राहिली. उजव्या वेणीतून, मानेपासून वीतभर खाली, एक बट बाहेर आली होती आणि बाकी सगळ्या केसांच्या उलट दिशेला वळली होती. ती बट कुठल्याच वेणीत कधी राहिली नाही. सात वर्षांची असल्यापासून मायसा तिला पाणी लावून, थुंकी लावून, पिन लावून थकली होती. आपला पाय ओळखायला कुणाला खूण लागत नाही. तिलाही लागली नसती. पण ती बट तिथे होती आणि जणू तिच्याकडेच बघत होती.

मायसा उठून स्वयंपाकघरात गेली. आई खरबुजाच्या फोडी करत होती.

"एजे," तिने आईला हाक मारली, "गुंचाच्या डोक्यावर माझे केस आहेत."

काहीतरीच काय बोलतेस, असं आई म्हणाली असती तर मायसाने कदाचित स्वतःच्या डोळ्यांना वेडं ठरवलं असतं. पण आईची सुरी थांबली, आणि ती म्हणाली, "हळू बोल."

हळू बोल. म्हणजे आईला माहीत होतं.

"कधीपासून?"

"पाहुणे जाऊ देत, मग सांगते."

"मी रोज त्या झाडाला चहा घालते. तू खिडकीतून बघतेस. रोज बघतेस."

खरबुजाचा रस पाटावरून खाली ठिबकत होता आणि आई तो पुसतही नव्हती. मायसा वळली आणि पुन्हा बाहेर गेली.

बाहेर मुलाच्या मोठ्या काकूने, आयसोल्तान तिचं नाव, गुंचाची वेणी हातात घेतली होती आणि ती कापड पारखावं तशी बोटांनी चोळत होती.

"माशाल्ला. असे केस हल्ली डोळ्यांना दिसत नाहीत. काय लावतेस ग?"

गुंचाने मान खाली घातली. उत्तर आत्याने दिलं, अगदी साखरेत घोळवून. "काही नाही हो. आंबट दही. आणि आईचा हात."

मायसाने टोपी काढली. दोन्ही काळ्या वेण्यांसकट ती गालिच्यावर, भाकरीच्या शेजारी ठेवली. आतले केस कानापर्यंत आले होते, कुठे आखूड कुठे लांब, मेंढीच्या कात्रीने केले होते तसे.

"दही माझ्या आईचं होतं," ती म्हणाली. "केस माझे होते. तुमची फक्त कात्री."

मग आयसोल्तान खो-खो हसायला लागली. तिचं अंग हसण्याने हलत होतं.

"अग, एवढंच होय? मला वाटलं कोण मेलं. माझ्या धाकट्या सुनेच्या लग्नात तिच्या वेण्या माझ्या भाचीच्या होत्या. केसांचं काय घेऊन बसलीस, ते उगवतात."

बाकीच्याही हसल्या. आणि सगळ्यात जोरात हसली ती सेनेमआत्या, सुटका झाल्यासारखी. "पोर लहान आहे हो. आजारी होती. केसांनी रक्त प्यायलं होतं तिचं, म्हणून कापले. कापल्यावर मग वाया कशाला घालवायचे?"

मायसा हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून बघत गेली. सगळ्यांना ठाऊक होतं की वेण्या फिरतात, एका डोक्यावरून दुसऱ्यावर. फक्त तिलाच एका झाडाखाली उभं केलं होतं.

"तुमच्या भाचीने दिल्या होत्या?" तिने आयसोल्तानला विचारलं.

"म्हणजे काय. आम्ही मागितल्या, तिने दिल्या."

"मला कुणी मागितल्या नाहीत. मला सांगितलं पुरल्या. मी दोन महिने मातीशी बोलतेय, आणि या माझ्यासमोर बसून म्हणतात प्लास्टिक मागे घे."

आयसोल्तानचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिने सेनेमआत्याकडे पाहिलं. आत्या पिश्म्यांची थाळी विनाकारण पुढे सरकवत होती.

गुंचाचा चेहरा झग्याइतका लाल झाला होता. "मला आई म्हणाली तूच पाठवल्यास," ती मायसाला म्हणाली. "ताईला दे, तिच्या कामी येतील, असं तू म्हणालीस म्हणून." तिने हात वर नेले आणि पिना काढायला लागली.

"गुंचा. टोपी राहू दे," आत्या दातांतून बोलली.

"तूच घाल," गुंचा म्हणाली.

टोपी निघाली. खाली गुंचाचे स्वतःचे विरळ केस चापून बसवलेले होते, घामाने ओले. तिने वेण्यांसकट टोपी मायसाच्या हातात दिली आणि तशीच, बोडक्या डोक्याने, किटली उचलून आयसोल्तानच्या पेल्यात चहा ओतला. थोडा चहा सांडला. तो चहा आयसोल्तानने सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, भाकरीचा तुकडा कपाळाला लावला, आणि निरोप पाठवू म्हणून उठली. निरोप कसला, ते तिच्या तोंडावर दिसत नव्हतं.

दारातून पाहुण्या गेल्या न गेल्या तोच आत्या उलटली. "झालं समाधान? बहिणीचं जमत आलेलं मोडलंस. एका झिंजेसाठी."

"मोडलं असेल तर तुम्ही मोडलंत," मायसा म्हणाली. आजच्या आधी या बाईसमोर ती एवढं कधी बोलली नव्हती.

"आबादान, तुझी लेक बघ."

आईने लेकीकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, आणि चपला पायात घातल्या. एवढंच केलं.

कालव्याच्या कडेने दोघी चालत घरी निघाल्या. गुंचाच्या टोपीसकट वेण्या आईच्या रुमालात गुंडाळून मायसाच्या काखेत होत्या, तिची स्वतःची टोपी हातात.

"ती मोठी नणंद आहे," आई म्हणाली. "वीस वर्षं मी तिला नाही म्हणू शकले नाही. तुला माहीत आहे ती कशी आहे ते. आणि खरंच वाटलं होतं मला, तुझं रक्त..."

"रक्ताचं नको सांगूस. गोळ्या फळीवर होत्या."

"तिला नाही म्हणणं सोपं नसतं, मायसा."

"माझे खांदे धरणं सोपं होतं?"

आई थांबली. मायसा थांबली नाही. घर येईपर्यंत ती दहा पावलं पुढेच चालली, आणि अंगणात शिरल्यावर तुतीकडे न बघता आत गेली.

सकाळी तिने बाजारी वेण्या टोपीतून उसवल्या आणि गुंचाच्या टोपीतून सोडवलेल्या आपल्या शिवायला घेतल्या. सुई तीनदा बोटात घुसली. केसांना गुंचाच्या तेलाचा वास येत होता, गोडसर, परका. मायसाने आधी ते दह्याने धुवायचं ठरवलं होतं, पण शाळेची वेळ होत होती आणि टोपीविना फाटकातून आत सोडत नसत. शिवून झाल्यावर तिने एक वेणी जोरात ओढून पाहिली. टोपी तिरकी झाली. डोकं दुखलं नाही. पूर्वी कुणी एवढ्या जोरात ओढली असती तर डोळ्यांत पाणी आलं असतं. आत्ता काही नाही. ते काही नाही इतकं वाईट होतं की तिने दात आवळले आणि पुन्हा ओढली.

आई दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिरकी टोपी बघून ती सवयीने पुढे आली, हात वर नेले, आणि लेकीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर ते तसेच थांबले.

"नीट करू का?" तिने विचारलं. हे तिने याआधी कधीही विचारलं नव्हतं.

"नको," मायसा म्हणाली. मग, तिच्याकडे न बघता, "आरसा धर."

आईने भिंतीवरचा आरसा उतरवला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. मायसाने पिना एकेक करून टोपीत खोचल्या. घाई केली नाही.

"थोडा खाली," ती म्हणाली. "अजून. हां, आता हलू नकोस."