रेकॉर्डच्या खोलीतला प्रिंटर

विम्याचे दावे तपासणाऱ्या त्या ऑफिसात प्रिंटर एकच होता आणि तो रेकॉर्डच्या खोलीत होता. त्याच्या खडखडाटात फोनवर धड बोलता येईना, म्हणून कुणीतरी फार पूर्वी हॉलमधून त्याची तिकडे रवानगी केली होती. त्या खोलीत फायलींची कपाटं आणि मावशींचं टेबल. मावशी रेकॉर्ड सांभाळायच्या. निवृत्ती जवळ आलेली, बोलणं मोजकं, आणि ऑफिसात लहानथोर सगळ्यांच्याच त्या मावशी.

अलीकडे प्रिंटरने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. कागद आत ओढायचा आणि चोळामोळा करून बाहेर टाकायचा. एका पत्रावर असा काळा पट्टा उमटला की ज्याला पत्र पाठवायचं त्याचं नावच वाचता येईना. शेवटी व्यवस्थापक मॅडमनी मेकॅनिकला बोलावलं.

त्याने मशीन उघडलं, आत टॉर्च मारला आणि हात पुसत उभा राहिला. "दुरुस्त होईल, पण आज रोलर बदलला की उद्या दुसरं काहीतरी जाईल. वय झालंय त्याचं."

"पार्ट मिळतो ना? मग बदला की," मावशी कपाटाजवळून म्हणाल्या.

मॅडमना नवल वाटलं. मावशी कधी कुणाच्या मध्ये बोलत नसत. पण मॅडमचं मनातून ठरत आलं होतं. हे धूड काढायचं आणि प्रत्येकाच्या टेबलावर छोटा प्रिंटर द्यायचा. हॉलमध्ये ही बातमी पसरली तेव्हा सगळ्यांत खूश झाला तो उंचीमुळे सगळे ज्याला लंबू म्हणत तो कारकून. "सुटलो बुवा. एकेका कागदासाठी उठून उठून पायाचे तुकडे पडलेत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मावशी मॅडमच्या केबिनमध्ये आल्या. छोटी मशीनं शाई फार पितात, असं त्या म्हणाल्या. जुनंच दुरुस्त करून घ्या, कागद अडकला तर मी काढत जाईन, असंही म्हणाल्या.

"मावशी, अडकलेले कागद काढायला तुम्ही इथे नाही आहात," मॅडम जरा तुटकपणे बोलल्या. मावशी मान हलवून निघून गेल्या.

दुपारी मॅडम स्वतःच एक अहवाल घ्यायला रेकॉर्डच्या खोलीत गेल्या. मशीन अडलं होतं, म्हणून त्या कपाटाला टेकून थांबल्या. तेवढ्यात लंबू आला. कागदाची वाट बघता बघता मुलगी शाळेत जायला कशी रडते ते मावशींना सांगू लागला. मावशींनी बारीकसारीक विचारलं, हसल्या, काहीतरी सुचवलं. तो गेला तशी हिशेब बघणारी बाई आली आणि गुडघ्याचं दुखणं सांगून गेली. एरवी गप्प असणाऱ्या मावशी बोलत होत्या, चेहरा खुलला होता.

खोली रिकामी झाल्यावर मॅडमनी सरळच विचारलं, "मावशी, नवीन मशीन आणलं तर तुमची अडचण काय आहे?"

मावशी फायलीचा बंद बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी यांना झटका आला ना, तेव्हापासून वाचा गेलीय. कळतं सगळं, पण शब्द फुटत नाही. घरी मीच बोलते आणि मीच हो म्हणते. इथे माणसं कागदासाठी येतात, पण दोन शब्द बोलून जातात. टेबलाटेबलावर मशीन आलं की या खोलीत कोण कशाला फिरकेल?" मग ओशाळून म्हणाल्या, "हे काही ऑफिसचं कारण नव्हे. म्हणून बोलले नाही."

नवरा आजारी आहे एवढंच मॅडमना ठाऊक होतं. रजेच्या अर्जावर सही करताना पुढे काही विचारावं असं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्याचं त्यांना वाईट वाटलं.

त्यांनी दोन दिवस विचार केला. जुन्या मशीनला ठिगळ लावण्यात अर्थ नव्हता, आणि मावशींना माणसं भेटावीत म्हणून ऑफिसने खराब कागद सोसायचे हेही बरं नव्हतं. त्यांनी बिनआवाजाचा एकच मोठा प्रिंटर मागवला, हॉलसाठी. आणि मावशींना सांगितलं, "तुमचं टेबलही हॉलमध्ये आणू."

"माझी कीव म्हणून नको," मावशी ताठ आवाजात म्हणाल्या.

"कीव नाही. फाइल लागली की जो तो तिकडे पळतो. तुम्ही जवळ असलात तर सगळ्यांचंच सोपं होईल."

"आणि कपाटं?"

"ती तिथेच राहतील."

"म्हणजे पळायचं मी," मावशी म्हणाल्या, आणि दोघींनाही हसू आलं.

टेबलावर प्रिंटर मिळाला नाही म्हणून लंबू आठवडाभर फुगून बसला होता. मावशींनाही सुरुवातीला हॉल मानवला नाही. चारी बाजूंनी फोन, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. "डोकं उठतं बाई," असं त्या मॅडमना दोनतीनदा म्हणाल्या. मॅडमना वाटलं, चुकलंच आपलं. टेबल परत न्यायचं का, असं त्यांनी एका संध्याकाळी विचारलंही.

"राहू द्या," मावशी पर्स आवरत म्हणाल्या. "काल खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून इथे दोघांची जुंपली होती ना, ती मी घरी जाऊन यांना सांगितली. अगदी दोघांचे आवाज काढून. हे हसले. किती दिवसांनी हसले."